नव्या पोरांना पहिले सहा महिने एआय बंद ठेवावं का?

रात्रपाळी

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दुकानदारांच्या पेमेंटचं काम. या धंद्यात सतरा वर्षं झाली, सध्या आठ जणांची टीम सांभाळतो. त्यात तिघं कॉलेजातून थेट आलेली. त्यातल्या एका मुलीबद्दल लिहितोय. पोरगी हुशार आहे, कामसू आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मध्यंतरी तिला रोजच्या हिशेबाचा रिपोर्ट लिहायला दिला. कुठल्या दुकानात त्या दिवशी किती रुपयांचे व्यवहार झाले, एवढंच. माझ्या हिशेबाने चार दिवसांचं काम. तिने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर आणून दिलं, चाचण्यांसकट. सगळ्या चाचण्या हिरव्यागार, म्हणजे पास. मी वरवर नजर फिरवली आणि सोडून दिलं. ही माझी चूक, मान्य.

आठवड्याने एका मेडिकलवाल्याचा फोन आला. चोवीस तास उघडं असणारं दुकान. "साहेब, रात्रीची विक्री जुळत नाही, तारखांचा घोळ आहे." ज्यांना हा रोग माहीत आहे त्यांनी ओळखलंच असेल. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचचं, आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचचे व्यवहार आदल्या तारखेत पडत होते. चाचण्यांमधले सगळे व्यवहार मात्र दुपारी बाराचे! त्या चाचण्याही एआयनेच लिहिलेल्या.

तिला म्हटलं, बघ जरा. तिने तक्रार जशीच्या तशी चॅटमध्ये चिकटवली. उत्तर आलं, साडेपाच तास मिळवा. मिळवले. दोन ठिकाणी मिळवले. आता संध्याकाळी साडेसहानंतरची विक्री उद्याच्या तारखेला जायला लागली. परत चिकटवलं, परत नवा तोडगा, परत तिसरंच काहीतरी मोडलं.

रात्री साडेदहाला मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. कागद पुढे केला. म्हटलं, पहाटे चारचा एक व्यवहार घे आणि तो कुठून कुठे जातो ते काढून दाखव. तिने पहिला चौकोन काढला, दुसरा काढला, आणि पेन तिथेच टेकवून बसली. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग म्हणाली, "सर, मधला भाग मी लिहिलेलाच नाहीये ना."

मला राग नाही आला, पोटात गोळा आला. हीच चूक मी २००९ मध्ये केली होती. दोन दिवस डोकं आपटलं, तिसऱ्या दिवशी उलगडलं, आणि त्यानंतर आजतागायत तारीख दिसली की हात आपोआप थबकतो. ते दोन दिवस तिच्या वाट्याला येणारच नाहीत का?

तर प्रश्न: नव्यांना पहिले सहा महिने एआय बंद करावं का? वरचे म्हणतात, वेडा झालास का, माणशी परवान्याचे पैसे भरलेत. तुमच्या तुमच्या धंद्यात काय चाललंय?

चहाटळ

नव्यांना नको, मॅनेजरांना बंद करा. "आपण कुशल असाल अशी आशा करतो" अशी सुरुवात असलेली ईमेलं तरी थांबतील.

सान_होजे_सदाशिव

चूक मुलीची कमी, तुझी जास्त. लिहिताना चूक होणारच, तपासणारा कशाला ठेवलाय? हे तू कबूल केलंस म्हणून पुढे बोलतो.

२०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने एक प्रयोग केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांचे स्वतःचे वर्षानुवर्षांचे प्रकल्प, २४६ कामं. काही कामांना एआय चालेल, काहींना नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एआय वापरला तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढे आहे. काम संपल्यावर विचारलं, तर ते म्हणाले, आमचं काम वीस टक्के लवकर झालं.

हे वाचल्यावर मी आठवडाभर स्वतःला घड्याळ लावलं. तपशील सांगत नाही, अब्रूचा प्रश्न आहे.

आकडेमोड्या

सदाशिवराव, १६ माणसं म्हणजे एका लग्नाची एक पंगतसुद्धा होत नाही. आणि ती साधनं २०२५ च्या सुरुवातीची. त्याच्यावर इमारत बांधू नका.

सान_होजे_सदाशिव

मान्य. मला त्या १९ पेक्षा त्या वीसची भीती वाटते. आपण हळू चाललोय हे कळत नाही ही खरी अडचण.

टिकमार्क

सीए आहे, नाशिकला छोटी फर्म. आमच्याकडे हाच धागा वेगळ्या शाईत लिहिता येईल.

आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, आधी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन झाली. म्हणजे शिकायला वेळ आधीच कमी. पूर्वी पोरगं आलं की पहिले काही महिने व्हाउचिंग. बिलांचे गठ्ठे, हिरवं पेन, टिक, टिक, टिक. कंटाळ्याने जीव जायचा. पण त्या टिकांमधून कुठलं बिल "वास मारतंय" हे कळायला लागायचं. एकाच पंपाची डिझेलची बिलं, तारखा वेगळ्या आणि नंबर ओळीने लागलेले! हे कुठल्या पुस्तकात नाही.

आता किस्सा. एका क्लायंटला जीएसटीची नोटीस आली, कलम ७३ खाली, २ए (पुरवठादारांनी दाखवलेली खरेदी) आणि ३बी (आपण भरलेलं विवरणपत्र) यांच्यातल्या फरकाची. जुनं वर्ष होतं. (२०२४-२५ पासून ७४ए आलंय, तो वेगळा ताप.) आर्टिकलने उत्तराचा मसुदा केला. इंग्रजी असं देखणं की मीही खूश झालो. सही करायला पेन उघडलं आणि दुसऱ्या परिच्छेदात वाक्य दिसलं: अनवधानाने झालेल्या "सप्रेशन"बद्दल आम्ही दिलगीर आहोत.

अहो, दिलगीर कसले! ७३ म्हणजे फसवण्याचा हेतू नाही, दंड कराच्या दहा टक्के किंवा दहा हजार, जे जास्त असेल ते. ७४ म्हणजे माहिती दडवली, दंड कराइतकाच. आणि ७४ चं दार ज्या शब्दाने उघडतं तो शब्द आपणच नम्रपणे लिहून देतोय. मशीनला वाटलं, सभ्यपणे माफी मागावी. पोराला वाटलं, किती छान इंग्रजी.

निवाडे तर तपासतोच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला, हे आता आमच्या चहावाल्यालाही माहीत आहे. खोटा निवाडा शोधून सापडतो. चुकीच्या जागी बसलेला खरा शब्द सापडायला आधी ते हिरवं पेन झिजवलेलं असावं लागतं.

म्हणून माझं उत्तर: हो, बंद ठेवा.

लातूरचा_लक्ष्या

मी उलट बाजूने बोलणार. राग मानू नका.

तुम्ही सगळे "सिनियरने शेजारी खुर्ची ओढली" वगैरे लिहिताय. माझ्या शेजारी कुणी खुर्ची ओढली नाही. साध्या कॉलेजातून डिप्लोमा, इंग्रजी कच्चं, गावात या क्षेत्रातला एक माणूस नाही. पुण्यात एका ठिकाणी इंटर्न होतो, तिथे एकदा प्रश्न विचारला तर "एवढंही येत नाही का" म्हणून सगळ्यांसमोर हसले. त्यानंतर चार महिने तोंड उघडलं नाही.

आज मी घरी बसून तीन क्लायंटची कामं करतो. जे शिकलो ते यालाच विचारून. तोच प्रश्न अकरा वेळा विचारला तरी हसत नाही. मराठीत विचारतो, मराठीत सांगतो. रिकर्शन (कोडने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) मला कळलं ते "दुकानात मापट्याच्या आत छोटं मापटं, त्याच्या आत आणखी छोटं" असं उदाहरण दे म्हटल्यावर.

तुमचे ते दोन दिवस डोकं आपटणं छान होतं, कारण पगार चालू होता आणि तिसऱ्या दिवशी सांगणारं कुणीतरी होतं. माझ्यासारख्याने डोकं आपटलं असतं तर फक्त टेंगूळ आलं असतं.

चहाटळ

लक्ष्या, शेवटच्या वाक्याला वाकून नमस्कार.

आकडेमोड्या

लक्ष्याच्या बाजूने आकडे आहेत. एका मोठ्या कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या ५,१७९ जणांचा अभ्यास झाला. एआयची मदत मिळाल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्के वाढल्या, पण नवख्यांच्या ३४ टक्के. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. आणि मुख्य मुद्दा, मधेच यंत्रणा बंद पडायची तेव्हासुद्धा, ज्यांनी ती वापरली होती ते आधीपेक्षा बरं काम करत होते. म्हणजे काहीतरी अंगात मुरलं होतं.

टिकमार्क

फोनवरच्या तक्रारी आणि ऑडिट यात फरक आहे.

आकडेमोड्या

आहेच. मी "काहीतरी" म्हटलंय.

मास्तरीणबाई

अकरावी-बारावीला गणित शिकवते. दोघांचंही बरोबर असू शकतं, बघा कसं.

तुर्कस्तानात साधारण हजारेक शाळकरी मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला साधा चॅटबॉट दिला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्के वाढले. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांनी तो कधीच वापरला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के खाली! दुसऱ्या गटाचा चॅटबॉट उत्तर सांगायचा नाही, फक्त इशारे द्यायचा. ही मुलं सरावात आणखी पुढे गेली आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ नव्हतंच.

लक्ष्या, तू "समजावून सांग" म्हणतोस. रात्रपाळींची मुलगी "करून दे" म्हणते. साधन एकच.

माझ्या वर्गात परवाच एकाने गृहपाठ आणला, सगळं अचूक. फळ्यावर बोलावलं. दुसऱ्या पायरीला म्हणाला, "मॅडम, इथून पुढे ते आपोआप होतं."

डॉ_तळमजला

"आपोआप होतं" हे वाक्य आमच्या भूलतज्ज्ञांसमोर म्हणू नका.

पोटविकाराचा डॉक्टर आहे, मिरजेकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आमच्या शाखेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. पोलंडमधली चार केंद्रं, १९ मुरलेले डॉक्टर. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी एआय पडद्यावर चौकट काढून दाखवतो. यंत्रणा आल्यानंतर, ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या त्यात गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, एआयमुळेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण हे नवखे नव्हते, हे लक्षात घ्या. धाग्याचं शीर्षक "नव्या पोरांना" असं आहे. जुन्यांचं काय?

रात्रपाळी

डॉक्टर, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

शब्दहमाल

अनुवादक. आमच्याकडे नवे-जुने असा भेद उरला नाही, सगळ्यांनाच समान वागणूक. पूर्वी शब्दाला दीड रुपया होता. आता फाइल आधीच मराठीत येते आणि "फक्त नजर टाका" म्हणून चाळीस पैसे.

मागच्या महिन्यात औषधाचं माहितीपत्रक आलं. "कानातून सुट्टी झाल्यास त्वरित डॉक्टरांना भेटा." पाच मिनिटं मी त्या वाक्याकडे बघत होते. मग पेटलं. मुळात "डिस्चार्ज" होतं. कानातून पू येणं!

पण हे विनोदी म्हणून सापडतं. वाईट ते, जे सापडत नाही. रोज आठ तास तसलं मराठी तपासून माझंच मराठी बिघडायला लागलंय. परवा आईला फोनवर म्हणाले, "भाजी आणण्याची प्रक्रिया सुरू आहे." आई गप्प. मग म्हणाली, "बरं वाटतंय ना तुला?"

आता रोज सकाळी कामाला बसायच्या आधी अर्धा तास कोरा कागद घेऊन हाताने एक परिच्छेद अनुवाद करते. पैसे नाहीत त्याचे. व्यायामाला थोडेच मिळतात!

चहाटळ

सोमवारी रजेचा अर्ज टाकतोय. कारण: कानातून सुट्टी.

लातूरचा_लक्ष्या

मंजूर.

खिळेवाले_काका

वय ७४. तुमचं सगळं वाचलं. माझ्या हातून हे एकदा होऊन गेलंय म्हणून लिहितो.

१९७० पासून छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो. खिळा उलटा असतो, त्यामुळे आम्ही मजकूर उलटा वाचायचो, आणि तो सुलट्याइतकाच भरभर. रफार कुठल्या घरात, जोडाक्षरं कुठल्या, हात न बघता जायचा. एका पानात किती खिळे लागतील ते हस्तलिखित हातात घेऊन सांगायचो. मग ऑफसेट आलं, डीटीपी आलं. पंधरा-वीस वर्षांची ती विद्या, वर्षभरात भंगाराच्या भावाने किलोवर गेली. शिसं होतं ना, किलोवरच विकलं.

रडलो नाही असं म्हणणार नाही. पण सांगायचं वेगळंच आहे. पोरांनी कॉम्प्युटरवर पानं लावायला घेतली तेव्हा मालकाने मला शेजारी बसवलं, कारण पान बघितल्याबरोबर "ही ओळ सैल आहे", "इथे परिच्छेदाची एकटीच ओळ वर गेली" हे मलाच दिसायचं. हात गेला, डोळा राहिला. त्या डोळ्यावर पुढची पंधरा वर्षं पोट भरलं.

आता कोडं असं. माझा डोळा हातातून आला होता. माझ्या शेजारच्या पोरांचा हात कधी चाललाच नाही. त्यातल्या दोघांना डोळा आला, बाकीच्यांना नाही. त्या दोघांना कसा आला, हे मला आजही सांगता येत नाही. ते सारखे प्रश्न विचारायचे एवढं आठवतं. आणि जुनी छापलेली पुस्तकं घरी न्यायचे.

टिकमार्क

काका, __/\__

अनवट

काकांनी लिहिलंय तेच तानपुऱ्याचं. आमच्या गुरुजींकडे पहिलं वर्षभर तानपुरा लावणं हाच रियाज होता. खुंटी, मग मणी, मग जवारीतला दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. पंचम जुळला की खोलीची हवा बदलायची. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाईलवर आला, आणि लोक सुरात गातात हो, नाही असं नाही. पण जुळवता येत नाही. बाहेरगावी मैफलीत खराखुरा तानपुरा पुढे आला की मागे बसलेल्याकडे बघतात.

मी स्वतः रियाजाला मोबाईलच लावते. फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे दोन तानपुऱ्यांना?

मोडकं_मोडी

थोडं अवांतर. मोडी शिकतोय, तिसरं वर्ष. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या मंडळींनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून जास्त प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार केला, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन. यंत्राला मोडी शिकवायला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद इतके आणि वाचणारे इतके कमी की यंत्र आलं तर मी पेढे वाटेन. इथे कुणाचं पोट मारलं जात नाही, वाचायला माणूसच नाही!

फक्त एक आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घ नाही, शब्द सुटे नाहीत, वर लिहिणाऱ्याची घाई. अर्धं वाचन म्हणजे "या गावचा या सालचा कुलकर्णी इथे काय लिहील" याचा अंदाज. मी चुकतो तेव्हा अडखळतो, आणि अडखळलो हे मला कळतं. यंत्र अडखळल्याचं दाखवत नाही.

वाचनमात्र

आठ वर्षांत पहिला प्रतिसाद. मोडकं_मोडी, आमच्या घरी पणजोबांच्या वेळचं एक खत आहे, फोटो टाकला तर वाचाल का?

मोडकं_मोडी

टाका हो, वेगळा धागा काढा. घाई करू नका, घाई आधीच कुलकर्ण्याने केलेली असते.

बॉयलरसुटवाला

मूळ प्रश्नाकडे येऊ का कुणी? मी येतो.

विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात ३१ वर्षं कंट्रोल रूममध्ये. २१० मेगावॅटचे संच. तुमचा आजचा प्रश्न आमच्याकडे फार जुना. १९८३ मध्येच लिझान बेनब्रिज या बाईंनी एका निबंधात मांडलंय की सोपं काम यंत्राला दिलं की अवघड तेवढं माणसाकडे उरतं, आणि अवघड करायला लागणारा सराव त्या सोप्यातूनच मिळत होता.

उदाहरण देतो. बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी राखायची असते. एरवी ते ऑटोवर असतं. आता लोड एकदम वाढला. वाफ जास्त ओढली गेली, ड्रममधला दाब पडला, पाण्यातले बुडबुडे फुगले आणि पातळी वर गेल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होतंय! नवा गडी काटा बघतो, पातळी वाढली म्हणतो, पाणी कमी करतो. मिनिटभरात खरी पातळी कोसळते आणि संच ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. हे मी वर्गात शंभर वेळा शिकवलं. मान डोलावतात. ऐन वेळी हात काट्याचंच ऐकतो.

आमचे एक जुने शिफ्ट इंजिनियर होते. त्यांचा नेम: लोड स्थिर असला की नव्या पोराला तासभर ड्रम लेव्हल हातावर घ्यायला लावायचे. ऑटो उत्तम चालू असताना. आणि स्वतः मागे उभे, हात ऑटोच्या बटनापाशी. पोरं वैतागायची. वरचे साहेबही वैतागायचे, "कशाला जोखीम?" ते म्हणायचे, जोखीम आज माझ्या समोर घेऊ द्या, रात्री तीनला माझ्या मागे नको.

सहा महिने बंद वगैरे नको. सहा महिन्यांनी चालू केलंत की सातव्या महिन्यात विसरतील. आठवड्यातून ठरलेला वेळ, ऑटो चालू असताना, हातावर. आणि वरिष्ठांनीसुद्धा.

डॉ_तळमजला

"वरिष्ठांनीसुद्धा"ला माझं अनुमोदन. मी महिन्यातल्या काही तपासण्या मुद्दाम चौकट बंद ठेवून करायला लागलोय. पहिल्या दिवशी मान दुखली, इतका डोळे ताणून बघत होतो.

लातूरचा_लक्ष्या

बॉयलरकाका, हे पटलं. पण माझ्या मागे बटनावर हात ठेवून कोण उभं राहणार?

सान_होजे_सदाशिव

लक्ष्या, व्यनि (खासगी निरोप) केलाय. आठवड्यातून एक तास, तुझी रात्र माझी सकाळ. हसणार नाही असं लिहून देतो.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. अहवाल देणं लागतो.

सहा महिने बंदीचा विचार सोडला. बॉयलरकाकांचं ऐकून गुरुवारी दुपारी दोन ते पाच सगळ्या टीमचा एआय बंद. साहेबांना सांगितलं, परवाना रद्द करत नाहीये, तीन तास झाकून ठेवतोय. ते म्हणाले, बघ बाबा.

पहिल्या गुरुवारी मीही बसलो. एक छोटी गोष्ट लिहायला घेतली, पूर्वी झोपेत लिहिली असती. पन्नास मिनिटं लागली. दोनदा तर हात सवयीने टॅबच्या बटनावर गेला आणि काहीच उमटलं नाही, तेव्हा क्षणभर मी चक्क पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो. त्या मुलीने बघितलं. हसली नाही, हे तिचं मोठेपण.

आता खरी बातमी. तो तारखेचा घोळ आम्ही त्या रात्रीच बसून नीट दुरुस्त केला होता. बारा वाजले की नवी तारीख, चोख. मी निर्धास्त. तर मेडिकलवाल्याचा परत फोन, आधीपेक्षा जास्त तापलेला. गुरुवारच होता. मुलीकडे चिकटवायला काही नव्हतं, म्हणून तिने सरळ त्यालाच फोन लावला आणि अर्धा तास बोलत बसली. मला आधी राग आला, ग्राहकांशी नवख्यांनी बोलायचं नाही असा आमचा नियम आहे.

तिने कागद आणून ठेवला. त्याची रात्रपाळी रात्री दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. गल्ला सकाळी सहाला मोजतो. त्याच्या लेखी सहापर्यंतची विक्री आदल्या दिवसाचीच. म्हणजे मूळ चुकीच्या रिपोर्टमध्ये त्याचा फक्त साडेपाच ते सहाचा अर्धा तास जुळत नव्हता. तक्रार तेवढ्याची होती. आम्ही "दुरुस्त" केल्यावर सगळी रात्रच उलटीपालटी झाली.

सतरा वर्षांच्या अनुभवाने मी त्याचं एक वाक्य ऐकून निदान करून टाकलं होतं. त्याला काय हवंय हे ना मी विचारलं, ना मशीनने.

आता प्रत्येक दुकानाला "तुमचा दिवस किती वाजता संपतो" असा रकाना ठेवतोय. तिचीच कल्पना, लिहितेयही तीच. या वेळी चाचणीतला पहिला व्यवहार पहाटे पाच एक्कावन्नचा आहे.

चहाटळ

म्हणजे एआयचा पहिला रिपोर्ट तुमच्यापेक्षा जास्त बरोबर होता. फक्त अर्धा तास चुकला.

रात्रपाळी

हे ऑफिसात कुणाला सांगू नकोस.

खिळेवाले_काका

त्या मुलीला विचारा, जुनी पुस्तकं वाचते का. माझ्याकडे दोन खोकी आहेत.

टिकमार्क

रात्रपाळी, ग्राहकांशी नवख्यांनी न बोलण्याचा तो नियम अजून आहे का?

रात्रपाळी

सोमवारी साहेबांशी बोलतोय.

चहाटळ

सोमवारी जमणार नाही. साहेबांना कानातून सुट्टी आहे.